बोटीच्या ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक बसवू का? आधी बोट कुठल्या पाण्यात जाणार ते बघ

तुझा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. १९ फुटी जुनी बोट घेतलीस, स्टर्नड्राइव्ह इंजिनाची (इंजिन बोटीच्या आत, पंखा मागे बाहेर), खाली सिंगल अॅक्सलचा, म्हणजे दोनच चाकांचा ट्रेलर, ट्रेलरला ब्रेक नाहीत, प्लग चार पिनचा चपटा, ओढायला ५,००० पौंड रेटिंगची एसयूव्ही. राहायला मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या उपनगरात, उन्हाळाभर इथल्याच तळ्यांवर जाणार, आणि जुलैमध्ये दोन फॅमिली मिळून टेनेसीत नॉरिस लेकला जायचंय. ऑनलाइन इलेक्ट्रिक ब्रेकचं किट स्वस्तात दिसतंय, तर "काका, तेच आणून घरी बसवू का?"

बसव. पण हे 'बसव' तुझ्यापुरतं आहे, कारण तुझी बोट गोड्या पाण्यात जाणार आहे. हाच प्रश्न फ्लोरिडातून किंवा न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरून कोणी विचारला असता तर मी सरळ नको म्हणालो असतो. आणि तुझ्या बाबतीतही दर वर्षी एकदा ड्रम उघडून बघायची तयारी असेल तरच. ती नसेल तर पुढचं वाचू नकोस, सर्ज ब्रेक (ट्रेलरच्याच रेट्याने लागणारे) बसवून मोकळा हो.

मी गेली सोळा वर्षं इथे ट्रेलर दुरुस्तीचं छोटं शॉप चालवतो, त्याआधी शिरोली एमआयडीसीत मशिनशॉपमध्ये होतो. आमच्याकडे कोल्हापुरात उसाची डबल ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागून कशी रेटते ते लहानपणापासून बघितलंय, ड्रायव्हर पहिल्या गिअरमध्ये, किन्नर हातात दगड घेऊन चाकाशेजारी पळतोय. ब्रेक नसलेला बोट ट्रेलर म्हणजे तीच ट्रॉली, फक्त तुझा स्पीड ७० मैल आहे आणि दगड घेऊन पळायला कोणी नाही.

आधी वजन काढू, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. ब्रोशरमध्ये बोटीचं जे वजन असतं ते कोरडं, पेट्रोल नाही, सामान नाही, ट्रेलर नाही, आणि आउटबोर्ड (मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाची) बोट असेल तर बऱ्याचदा इंजिनही त्यात धरलेलं नसतं, ११५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्डच साडेतीनशे पौंडांच्या वर जातं. तुझी स्टर्नड्राइव्ह आहे म्हणजे इंजिन आत धरलेलं आहे. तू पाठवलेले आकडे घेतो, बोट २,६००, ट्रेलर ७५०. पेट्रोलची टाकी ३५ गॅलन, एक गॅलन पेट्रोल साधारण सहा पौंडांच्या थोडं वर, म्हणजे टाकी फुल्ल असली की दोनशे दहा-पंधरा पौंड. बॅटरी ५०. अँकर, दोर, लाइफ जॅकेट, ट्यूब, कूलर, आणि दोन मराठी फॅमिली म्हणजे तो दुसरा कूलर, चिवड्याचे डबे, गॅसची शेगडी, अडीचशे पौंड तरी धर. बेरीज ३,८५० च्या पुढे गेली. यातलं दहा टक्के म्हणजे पावणेचारशे-चारशे पौंड कपलरवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायच्या तोंडावर, आणि त्यातून गाडीच्या हिचवर येणार, आणि उरलेले ३,४७० च्या आसपास एकट्या अॅक्सलवर. तुझा अॅक्सल बहुतेक ३,५०० पौंडांचा आहे. म्हणजे काठावर. ट्रेलरच्या टंगवरचा (पुढच्या दांड्यावरचा) स्टिकर वाच, अॅक्सलवरचा वाच, टायरवरचा लोड वाच, आणि मग एकदा ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर सगळं भरून वजन करून घे. थोडे डॉलर जातात पण अंदाजपंचे कारभार संपतो. पेट्रोल तर तिकडे पोचल्यावर भर, इथून दोनशे पौंड पेट्रोल टेनेसीपर्यंत फिरवायला नेण्यात काही अर्थ नाही.

कायद्याचं एवढंच की प्रत्येक राज्याचा आकडा वेगळा. बऱ्याच राज्यांत भरलेल्या ट्रेलरचं वजन ३,००० पौंडांच्या वर गेलं की ब्रेक सक्तीचे होतात, टेक्सासात ती हद्द ४,५०० आहे. ज्या राज्यातून जाशील त्याचा नियम लागतो. पण कायद्यापेक्षा तुझ्या गाडीचं मॅन्युअल काढून बघ, टोइंगच्या पानावर ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी वेगळा आकडा दिलेला असतो आणि तो ५,००० च्या बराच खाली असतो. डीलर ५,००० सांगतो, हे पान कोणी सांगत नाही.

आता ब्रेकचे प्रकार. बोट ट्रेलरवर तीन दिसतात.

सर्ज ब्रेक सगळ्यात जास्त. गाडी हळू झाली की मागचा ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने कपलरमधला अॅक्चुएटर आत सरकतो, मास्टर सिलिंडर दाबला जातो, ऑइल चाकाकडे जातं. गाडीत काहीच बसवायला लागत नाही, कोणाचीही गाडी जोडा नि चला. रिव्हर्सला मात्र ट्रेलर मागे ढकलताना पण अॅक्चुएटर दबतो, मग मागे चढ असेल तर ब्रेक लागून बसतात, त्यासाठी पाचव्या पिनवर रिव्हर्स लाइटची वायर घेऊन सोलेनॉइडने ऑइल अडवतात. लांब उतारावर सर्ज ब्रेक सतत थोडे थोडे घासत राहतात, आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागला तर तुला फक्त ट्रेलरचे ब्रेक वेगळे दाबायची सोय नसते.

दुसरा प्रकार, साधे इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक, ज्याबद्दल तू विचारतोयस. तिसरा, इलेक्ट्रिक ओव्हर हायड्रॉलिक. यात गाडीतल्या कंट्रोलरचा (ट्रेलरच्या ब्रेकला करंट सोडणाऱ्या डबीचा) सिग्नल ट्रेलरवरच्या पंपाला जातो आणि पंप ऑइलचा दाब तयार करतो, ड्रमला १,००० पीएसआयचा पंप, डिस्कला १,६०० चा, यात गल्लत झाली तर डिस्क नीट धरत नाहीत. खाऱ्या पाण्याला आणि जड बोटीला स्टेनलेस डिस्कबरोबर हे सगळ्यात चांगलं, पण महाग, आणि तुझ्या १९ फुटीला हे म्हणजे उंदीर मारायला तोफ.

इलेक्ट्रिक ब्रेकच्या आत काय आहे ते एकदा समजून घे, मग पाण्याशी त्याचं वैर का ते आपोआप कळेल. ड्रमच्या आत एक लिव्हर, त्याच्या टोकाला इलेक्ट्रोमॅग्नेट. करंट आला की मॅग्नेट फिरणाऱ्या ड्रमच्या आतल्या पत्र्याला चिकटायला बघतो, ड्रम त्याला सोबत ओढतो, लिव्हर वळतो आणि ब्रेक शू बाहेर ढकलले जाऊन ड्रमला घासतात. करंट जास्त, तर पकड जास्त. साधं आणि हुशार डिझाइन आहे. पण हे मुळात कॅम्परवाल्यांचं. इंडियानातल्या एल्कहार्टला जा, गावभर आरव्हीचे कारखाने, तिथून निघणाऱ्या जवळपास प्रत्येक कॅम्परखाली हे असतात. पण कॅम्पर आयुष्यात कधी तळ्यात उतरत नाही. तुझा ट्रेलर दर रविवारी हबपर्यंत, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापर्यंत, पाण्यात जाणार. मॅग्नेट, त्याच्या वायरी, लिव्हरची पिन, स्प्रिंगा, खालचा चांदणीसारखा अॅडजस्टर, सगळं उघड्या लोखंडाचं. गोड्या पाण्यात हे हळूहळू गंजतं, लक्ष दिलं तर बरीच वर्षं टिकतं. खाऱ्या पाण्यात एका सीझनमध्ये अॅडजस्टर जाम होताना आणि शूचं लायनिंग (घासणारा थर) पत्र्यापासून सुटून ड्रममध्ये पडलेलं मी स्वतः बघितलंय. होज मारून धुता येईल असं लोकांना वाटतं, पण बंद ड्रमच्या आत पाणी सगळीकडे पोचत नाही, डिस्क उघडी असते ती धुता येते.

आणि मिशिगनमध्ये एक पाचर आहेच. तळं गोडं पण रस्ता खारा. हिवाळ्यात रस्त्यावर जे मीठ टाकतात ते एप्रिलमध्येही कडेला असतं. माझ्याकडे एक ट्रेलर आला होता, कधी समुद्राचं तोंड बघितलं नव्हतं त्याने, पण मालक जानेवारीत त्यावर स्नोमोबिल घालून उत्तरेकडे न्यायचा. आतून समुद्रात बुडवून काढल्यासारखा होता. बोटीचा ट्रेलर हिवाळ्यात घराबाहेर काढू नकोस बस.

तर तुझ्यासाठी इलेक्ट्रिक का म्हणतो? एक तर खारं पाणी नाही. दुसरं, तुझ्या ट्रेलरला आत्ता कुठलेच ब्रेक नाहीत, सर्ज घालायचा तर कपलर काढून अॅक्चुएटर, ऑइलच्या लाइनी, सगळं नव्याने. तिसरं आणि माझ्या मते मोठं, नॉरिसला जाताना आय-७५ हायवेवर केंटकी-टेनेसीच्या हद्दीला जेलिकोचा डोंगर लागतो. जाताना पण उतार, येताना पण उतार. तिथे ट्रेलरचे ब्रेक तुझ्या हातात असणं आणि गाडीच्या मनावर असणं यात फरक पडतो.

आता किट मागवायच्या आधी ट्रेलरखाली झोप. हबच्या मागे, अॅक्सलच्या टोकाला चौकोनी पट्टी वेल्ड केलेली आहे का, चार भोकांची? तिला ब्रेक फ्लँज म्हणतात, बॅकिंग प्लेट, म्हणजे शू-मॅग्नेट ज्यावर बसवलेले असतात तो पत्रा, तिच्यावर बोल्टने बसते. ३,५०० पौंडी अॅक्सलला चार भोकं, ५,२०० च्या पुढच्यांना पाच. पट्टी नसेल तर किट आणून भिंतीला लावणार का? नुसती फ्लँज विकत मिळते आणि वेल्ड करता येते, पण ती स्पिंडलशी (हब ज्यावर फिरतो त्या दांड्याशी) काटकोनात आणि बरोबर मधोमध बसली पाहिजे, नाहीतर शू ड्रमला एका बाजूने घासतात. गॅरेजमध्ये अंदाजाने वेल्ड केलेल्या फ्लँज मी दोन वेळा कापून काढल्यात. फ्लँज नसेल तर पूर्ण अॅक्सलच बदल, ब्रेक लावून तयार येतो, तुला फक्त दोन मापं द्यायची, हबच्या फेसपासून फेसपर्यंत आणि दोन स्प्रिंगांच्या मधलं अंतर. आणि अॅक्सल बदलतच असशील, वजन काठावर आहे म्हणून थोडा जास्त क्षमतेचा घ्यायचा मोह होईल, घे, पण त्याने ट्रेलरचं रेटिंग वाढत नाही, फ्रेम तीच, टायर तेच.

फ्लँज असेल तर ३,५०० च्या अॅक्सलला १० इंच बाय सव्वादोन इंचाचे ब्रेक बसतात. ड्रम मात्र हबसकट वेगळा घ्यावा लागेल, तुझ्याकडे आत्ता नुसता हब आहे. इथे बेअरिंगचा नंबर बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नकोस. डस्ट कॅप काढ, बेअरिंग बाहेर काढ, पुसून नंबर वाच. बाहेरच्यावर एल४४६४९ आणि आतल्यावर एल६८१४९ असेल तर तो नेहमीचा ३,५०० चा स्पिंडल, ड्रम कुठेही मिळतो. आत-बाहेर दोन्हीकडे एल४४६४९ निघाला तर स्पिंडल सरळ आणि हलका आहे, तिथे हा ड्रम बसणार नाही आणि खरं म्हणजे त्या अॅक्सलवर तुझी बोट असायलाच नको. बोल्ट पॅटर्न बहुतेक पाच बोल्ट साडेचार इंचाचं असेल, तरी मोज.

ब्रेक आले की डावा-उजवा ओळख. दोन शूंपैकी ज्याचं लायनिंग आखूड ते पुढे, बोटीच्या नाकाकडे. उलटे बसले तरी ब्रेक लागतात, म्हणून चूक लक्षात येत नाही, फक्त निम्म्या दमाने लागतात आणि माणूस वर्षभर कंट्रोलरला शिव्या घालतो. शक्य असेल तर स्वतः अॅडजस्ट होणारे घे, थोडेच महाग असतात.

ग्रीसचा हात लायनिंगला लावू नकोस. आणि हे बोटवाल्यांसाठी खास सांगतो, तुमच्या हबवर ती स्प्रिंगवाली ग्रीस कॅप असते ना, बेअरिंग बडी, तिच्यात उत्साहाने गन मारत राहिलं की मागचं सील फुटतं. ब्रेक नसताना ग्रीस चाकाच्या आत उडायचं आणि कोणाला कळायचंही नाही. आता तेच ग्रीस थेट शूवर जाणार. ग्रीस प्यायलेलं लायनिंग कुठल्याही क्लीनरने परत येत नाही, फेकावं लागतं. स्प्रिंग थोडी हलली की थांब. बेअरिंग बसवताना मोठा नट ड्रम फिरवत ५० फूट-पौंडांच्या आसपास आवळ, मग पूर्ण सैल कर, आणि मग नुसत्या बोटांनी आवळून कॉटर पिन घाल. चाकाचे नट अर्धा इंची असतात, ते टप्प्याटप्प्याने ९० ते १२० फूट-पौंडांपर्यंत, चांदणीच्या क्रमाने (शेजारचा सोडून समोरचा), आणि पहिल्या पन्नास मैलांनंतर परत एकदा. ट्रेलरची चाकं निखळून पुढे पळतात ती नव्या कामानंतरच.

अॅडजस्टमेंट: ड्रम चढवल्यावर मागच्या खाचेतून अॅडजस्टर फिरवत चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत आवळ, मग उलटं फिरवून हलकी घासण ऐकू येईल एवढं सोड. एकदम मोकळं सोडलंस तर मॅग्नेटचा लिव्हर आधीच अर्धा प्रवास करून जातो आणि ब्रेकला काही उरत नाही. दोनशे मैल झाले की परत एकदा बघ.

आता वायरिंग, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण "काका ब्रेक लागत नाहीत" म्हणून येणाऱ्या ट्रेलरमध्ये बहुतेक वेळा ब्रेक चांगले असतात आणि वायरिंग रडत असतं.

तुझा चार पिनचा प्लग म्हणजे टेल, डावा, उजवा आणि ग्राउंड. ब्रेकची वायरच नाही त्यात. सात पिनचा लागणार, गाडीकडे पण आणि ट्रेलरकडे पण. सात पिनमध्ये निळी वायर ब्रेकची, पांढरी ग्राउंड, काळी १२ व्होल्ट, ती ब्रेकअवे बॅटरी (ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी) चार्ज करायला. पण रंगावर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस, जुन्या ट्रेलरवर आधीच्या मालकाने काय जोडलंय ते देव जाणे, मीटर लावून बघ. मॅग्नेटच्या दोन वायरींना प्लस-मायनस नसतो, एक निळ्याला, एक ग्राउंडला, कुठलीही कशीही.

एक मॅग्नेट तीन ते पावणेचार अँपिअर खातो, म्हणजे दोन चाकांना सहा ते साडेसात. दिव्यांसाठी असते तशी बारीक १६ गेजची वायर वीस-बावीस फूट नेली की वाटेतच व्होल्टेज गळतं. माझ्या स्वतःच्या पहिल्या ट्रेलरवर मी तेच केलं होतं, आणि वर ग्राउंड म्हणून फ्रेमला स्क्रू मारला होता, कारण दिवे तसेच चालत होते ना. कंट्रोलरवर १२ दाखवतोय आणि मॅग्नेटवर मोजलं तर नऊच्याही खाली. दोन वीकेंड मी ब्रेक उघडत होतो, बायको म्हणाली विकून टाक. शेवटी १२ गेजच्या दोन वायरी, निळी आणि पांढरी, प्लगपासून थेट मॅग्नेटपर्यंत नेल्या आणि प्रकरण संपलं. त्यामुळे पांढरी वायर पूर्ण लांबीची ने, बोल्ट नि गॅल्वनाइज्ड फ्रेममधून ग्राउंड येईल या आशेवर राहू नकोस, हिच बॉलमधून तर अजिबात नाही.

जोड पाण्यात जाणार आहेत. घरातले वायर नट, वायरीवर दाबून बसवायचे ते निळे चिमटे, इलेक्ट्रिकल टेप, यातलं काही नको. आतून गोंद असलेले हीट श्रिंक बट कनेक्टर (वायरींची टोकं जोडायच्या छोट्या नळ्या) वापर, गरम केल्यावर दोन्ही टोकांतून गोंद बाहेर डोकावला पाहिजे. डाव्या चाकाकडून उजवीकडे जाणारी वायर बऱ्याच फॅक्टरी अॅक्सलमध्ये नळीच्या आतून जाते आणि आत घासून घासून उघडी पडते, मग ब्रेक कधी लागतात, कधी फ्यूज उडतो, आणि दोष सापडता सापडत नाही. तू बाहेरून अॅक्सलच्या मागच्या बाजूने प्लास्टिकच्या नळीत घालून ने, क्लॅम्प मार, सस्पेन्शन हललं तर ताणणार नाही एवढा झोल सोड.

झालं की तपास. एकेका मॅग्नेटचा रेझिस्टन्स ३.२ ओहमच्या जवळ यायला पाहिजे. दोन्ही समांतर म्हणजे निळ्या-पांढऱ्यात निम्मा, १.६. कोणाला तरी गाडीत बसवून ब्रेक दाबायला सांग आणि फोनवरचं नको, साधं सुईचं होकायंत्र चाकाजवळ धर, सुई गर्रकन वळली की मॅग्नेट जिवंत. पोराला हे काम दे, मजा वाटते त्यांना.

ब्रेकअवे किट विसरू नकोस. छोटी बॅटरी, एक स्विच आणि त्याची केबल. ट्रेलर सुटला की केबल पिन ओढते आणि बॅटरी ब्रेक लावते. केबल गाडीच्या हिचच्या पक्क्या भागाला अडकव, सेफ्टी चेनला किंवा बॉल माउंटला नाही, बॉल माउंटच निसटून आला तर केबल त्याच्यासोबतच जाणार ना. चेनपेक्षा जास्त लांब नको ठेवू. तपासताना आधी सात पिनचा प्लग गाडीतून काढ आणि मग पिन ओढ, नाहीतर करंट उलटा कंट्रोलरमध्ये जाऊन तो उडू शकतो. तो पार्किंग ब्रेक नाही हे पण लक्षात ठेव. आणि बोट ट्रेलरवर बॅटरीचा डबा शक्य तेवढा पुढे आणि उंच, विंचच्या (बोट ट्रेलरवर ओढायच्या चरखीच्या) खांबाजवळ, मागे फ्रेमला लावलास तर पहिल्याच रविवारी अंघोळ.

गाडीत कंट्रोलर. दोन जाती. एक टायमरवाली, ब्रेक दाबला की ठरलेल्या वेळात ठरलेला करंट, तू हळू दाब नाहीतर जोरात. दुसरी प्रपोर्शनल, आत सेन्सर असतो, गाडी जेवढी जोरात थांबतेय तेवढाच करंट ट्रेलरला. थोडे डॉलर जास्त जातात, तरी दुसरीच घे. चार वायरी असतात, काळी बॅटरीकडून, दोन ब्रेकसाठी २० अँपचा सर्किट ब्रेकर मध्ये घालून, पांढरी ग्राउंडला, लाल ब्रेक लाइटच्या स्विचला, निळी मागे ट्रेलरला. तुझ्या एसयूव्हीत डॅशखाली तयार सॉकेट असेल तर जोडणारी वायर मिळते, दहा मिनिटांचं काम. नसेल आणि डॅश उघडायची भीती वाटत असेल तर सात पिनच्या प्लगमध्येच खोचायचे ब्लूटूथवाले मिळतात, फोनवरून सेटिंग. ते वाईट नाहीत, पण रॅम्पवर (बोट पाण्यात सोडायच्या उतारावर) उतरायच्या आधी आठवणीने काढून गाडीत ठेवावे लागतात, आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायला हाताने दाबायची पट्टी डॅशवर नसणं मला स्वतःला आवडत नाही.

सेटिंग रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये, बोट भरलेली, रस्ता कोरडा. २५ मैलाने जाऊन दाब, ट्रेलरची चाकं लॉक होतील इतका गेन (कंट्रोलरवरचा ब्रेकचा जोर) वाढव, मग लॉक होणार नाहीत एवढा कमी कर. पण त्याआधी नवे शू ड्रमला बसले पाहिजेत. ४० मैलाने जाऊन हाताच्या पट्टीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावून २० पर्यंत आण, असं वीस-तीस वेळा, मध्ये थंड व्हायला वेळ देऊन. लोक हे करत नाहीत आणि मग म्हणतात इलेक्ट्रिक ब्रेकमध्ये दमच नाही.

जेलिकोला वरून उतरायच्या आधीच गिअर खाली घे, वेग इंजिनने धर, ब्रेक पाय ठेवून सतत चोळू नकोस, थोडा दाबून सोड. ट्रेलर शेपटी हलवायला लागला, मोठा ट्रक बाजूने गेला की होतं तसं, तर गाडीचा ब्रेक दाबू नको, अॅक्सिलरेटर सोड आणि हाताची पट्टी हलकेच दाब, ट्रेलर मागून ताणला जातो आणि सरळ होतो. जास्त वेळा हलायला लागला तर वजन मागे गेलंय, कूलर पुढे सरकव.

रॅम्पवर पोचलास की लगेच पाण्यात घुसू नकोस. हबला हात लावून बघ. गरम हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बेअरिंगला तर वाईट आहेच, आता ब्रेकलाही. पट्टे सोडण्यात, ड्रेन प्लग लावण्यात वीस मिनिटं जातातच. ड्रेन प्लग लाव हां, हसू नकोस. मग सात पिनचा प्लग काढ आणि मग रिव्हर्स. वर आल्यावर प्लग परत लावायचा, नाहीतर इतका खर्च करून तू ब्रेकशिवायच घरी जाशील, आणि हे दर सीझनला कोणीतरी करतंच. ओले शू पहिल्या दोन-चार वेळा धरत नाहीत, पार्किंगमधून बाहेर पडतानाच हाताची पट्टी दाबत थोडं चालव म्हणजे वाळतात.

हिवाळ्यात ठेवायच्या आधी ड्रम काढ. शूवर भेगा किंवा लायनिंग उचललेलं, मॅग्नेटचा चेहरा तिरका झिजलेला, स्प्रिंग गंजलेली, अॅडजस्टर हाताने फिरत नाही, यातलं काही दिसलं तर दुरुस्तीच्या नादाला न लागता पूर्ण बॅकिंग प्लेट बदल, तयार मिळते आणि सुटे पार्ट घेण्यापेक्षा डोकेदुखी कमी. वसंतात पहिल्यांदा ओढताना चाक फिरत नसेल तर शू ड्रमला चिकटलेत, चाक काढून ड्रमवर हातोडीचे हलके फटके, गाडीने ओरबाडून ओढू नकोस.

एक दिवसाचं काम आहे, ट्रेलर फ्रेमखाली जॅक स्टँड लावून, नुसत्या जॅकवर नाही, आणि बोट काढून ठेवता आली तर उत्तम. पण किटच्या ऑर्डरचं बटण दाबायच्या आधी दोन फोटो पाठव, एक हबच्या मागचा, टेप धरून, आणि एक त्या बेअरिंगच्या नंबरचा. ते बघून सांगतो ब्रेक मागवायचे की अख्खा अॅक्सल.